विडी सोडवण्याचे काम: लखनौच्या वॉर्डातली परिचारिका

तंबाखूचे व्यसन सोडवणे हे डॉक्टरांचे किंवा समुपदेशकाचे काम आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र त्याचा मोठा वाटा परिचारिकेकडे येतो. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा खाटेपाशी काही मिनिटे थांबतात. परिचारिका इंजेक्शनला, सलाईन बदलायला, ताप-नाडी बघायला, ड्रेसिंगला दिवसभरात अनेकदा त्याच खाटेपाशी येते. रुग्ण कोणत्या वेळी अस्वस्थ होतो, कशाने चिडतो, जेवण झाले की जिन्याकडे का जातो, उशीखाली काडेपेटी का ठेवतो, हे सर्वांत आधी तिच्या लक्षात येते.

परिचारिकेच्या मदतीचा उपयोग होतो, हे तपासून झालेले आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली या विषयावरचा आपला आढावा नव्याने काढला. त्यात ५८ अभ्यास होते. परिचारिकांनी मदत केलेल्या रुग्णांमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण, तशी मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २९ टक्क्यांनी अधिक आढळले. वरवर पाहता हा फरक बेताचा आहे. मदतीविना शंभरांतले दहा जण सोडत असतील, तर मदतीने तेरा जण सोडतील, एवढाच त्याचा अर्थ. पण जास्तीचे तीन जण कोण असतील हे आधी कळत नाही. म्हणून हे काम निवडक रुग्णांपुरते ठेवून चालत नाही. वॉर्डात आलेल्या प्रत्येकाला विचारावे लागते.

लखनौत हे काम मोठे आहे. १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आज विद्यापीठ आहे. मधली काही वर्षे त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते. त्याच्या, चौक या भागाजवळच्या रुग्णालयात, बलरामपूर रुग्णालयात आणि शहरातल्या इतर सरकारी रुग्णालयांत लखनौकरांबरोबर बाराबंकी, सीतापूर, हरदोई, उन्नाव, रायबरेली या जिल्ह्यांतले शेतकरी, मजूर, रिक्षावाले, कारागीर येतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशातले ३५.५ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. धूम्रपानातली तफावत याहून ठळक आहे: उत्तर प्रदेशात १३.५ टक्के, महाराष्ट्रात ३.८ टक्के. महाराष्ट्रातल्या परिचारिकेला मुख्यतः मळलेली तंबाखू, मावा आणि मशेरी भेटते. लखनौच्या परिचारिकेला खैनी, गुटखा, जर्दा आणि त्याच्या जोडीला विडी भेटते. पुष्कळदा या सगळ्या गोष्टी एकाच रुग्णाकडे असतात.

आजार ही सोडण्याची संधी असते. डिसेंबर-जानेवारीत धुके उतरले की छातीच्या वॉर्डात सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट श्वासरोगाचे, रुग्ण वाढतात. दोन वाक्ये बोलताना धाप लागणाऱ्या माणसाला विडीचे नुकसान वेगळे समजावावे लागत नाही. हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण ‘लारी’त, म्हणजे विद्यापीठाच्या लारी कार्डिऑलॉजी सेंटरमध्ये येतात. मृत्यू जवळून पाहिलेला माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांत आयुष्याकडे नव्याने बघत असतो. क्षयरोगाचे रुग्ण महिनोन्‌महिने औषधासाठी येतात, त्यामुळे त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलता येते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात बर्जर रोगाचे रुग्ण असतात. बहुधा तरुण, विडी ओढणारे पुरुष; हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, बोटे काळी पडतात, प्रसंगी कापावी लागतात. या रोगात तंबाखू पूर्ण थांबवणे हाच मुख्य उपचार आहे. ती चालू राहिली तर बाकीचे उपाय टिकत नाहीत. पायाचे रोज ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेइतक्या जवळून हे दुसरे कोणी पाहत नाही, आणि तिच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोणी बोलू शकत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे धूम्रपान थांबवले, तर जखम भरण्याच्या आणि फुप्फुसांच्या तक्रारी कमी होतात. म्हणून भूल देण्याआधीच्या तपासणीची भेटही वाया घालवू नये.

कामाची सुरुवात विचारण्यापासून होते, आणि तिथेच पहिली चूक होऊ शकते. ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला लखनौत पुष्कळ जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. जर्द्याचे किंवा किमामाचे पान खाणारा स्वतःला पान खाणारा समजतो, तंबाखू खाणारा समजत नाही. गुलाने, म्हणजे तंबाखूच्या पुडीने, दात घासणाऱ्या बाईच्या लेखी ते दातांचे औषध असते. हुक्का ओढणारा वृद्ध म्हणतो, धूर तर पाण्यातून येतो. म्हणून एकेक पदार्थ नाव घेऊन विचारावा लागतो: विडी, सिगारेट, हुक्का, खैनी, सुर्ती, गुटखा, मसाला, पानातला जर्दा, गुल. विडीचा हिशेब नगांत न विचारता बंडलांत विचारावा. ओढणाऱ्याच्या मनात तोच आकडा तयार असतो. मागे सोडून पाहिले होते का, किती दिवस टिकले, कशाने पुन्हा सुरू झाले, हेही विचारून घ्यावे. पुढच्या वेळी काय आडवे येणार, याचा अंदाज त्यातूनच बांधता येतो.

कोणासमोर विचारायचे, हेही ठरवावे लागते. सुनेसमोर सासू विडी ओढत असल्याचे कबूल करत नाही, आणि वडिलांसमोर मुलगा सिगारेटचे नाव काढत नाही. रक्तदाब घेताना, पडदा ओढलेला असताना, हळू आवाजात विचारले तर खरे उत्तर मिळते. लखनौत लहानथोरांना ‘आप’ म्हणण्याची रीत आहे, आणि या कामात ती फार उपयोगी पडते. मजुराला ‘चाचा, आप कब से पी रहे हैं?’ असे विचारणे आणि ‘बीड़ी पीता है क्या?’ असे दरडावणे, यांतून दोन वेगळी उत्तरे निघतात. दरडावलेला माणूस पहिल्यांदा खोटे बोलतो आणि नंतर बोलणेच टाळतो.

व्यसन किती खोल आहे, ते एका प्रश्नावरून बरेचसे कळते: सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने? फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा प्रश्नांच्या चाचणीत सर्वांत जास्त वजन असलेल्या दोन प्रश्नांपैकी हा एक आहे. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिला झुरका घेणाऱ्याचे शरीर निकोटिनवर पुरते अवलंबून असते. निकोटिन रक्तातून लवकर उतरते. साधारण दोन तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते. रात्रभराच्या झोपेनंतर शरीर रिकामे झालेले असते. अशा माणसाला केवळ निश्चयावर सोडून देणे अन्यायाचे आहे. त्याला औषधाची मदत लागेल, हे परिचारिकेने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावे.

दाखल झाल्यावर विडी एकदम बंद होते, आणि काही तासांतच शरीर तिची मागणी करू लागते. चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, लक्ष न लागणे, जास्त भूक, बद्धकोष्ठता, कधी वाढलेला खोकला ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतात आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओसरतात. वॉर्डात याचा अर्थ वेगळा लावला जातो. रुग्ण भांडखोर ठरतो, नातेवाईक वैतागतात, कोणी झोपेची गोळी मागते. तलफ ओळखणाऱ्या परिचारिकेला त्या भांडणामागचे कारण कळते. ‘हा त्रास विडीच्या तलफेचा आहे, दोन-तीन दिवस जोर राहील, मग कमी होईल,’ एवढे वाक्यही रुग्णाला धीर देते, कारण आपले डोके फिरले आहे की आजार वाढला आहे, या भीतीतून तो सुटतो. मात्र हात थरथरणे, दरदरून घाम, भास, असंबद्ध बडबड दिसली तर ती दारू अचानक बंद झाल्याची खूण असू शकते. तेव्हा न थांबता डॉक्टरांना बोलवावे.

आणखी दोन गोष्टींकडे तिला लक्ष ठेवावे लागते. पहिली ऑक्सिजनची. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाने पांघरुणाआड विडी पेटवली तर त्याच्यासह शेजारच्या खाटाही धोक्यात येतात. काडेपेटी काढून घेताना हे कारण स्पष्ट सांगावे. शिक्षा म्हणून ती काढून घेतली, असे वाटू देऊ नये. दुसरी गोष्ट औषधांची. तंबाखूच्या धुरामुळे यकृत काही औषधे लवकर निकामी करते. दम्याच्या आणि सीओपीडीच्या रुग्णांना दिले जाणारे थिओफिलिन, मानसोपचारातली क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही त्यांतली आहेत. धूम्रपान थांबले की त्याच मात्रेत रक्तातले प्रमाण वाढते. मळमळ, छातीत धडधड, जास्त झोप असे काही नवे दिसले, तर रुग्णाने विडी कधी थांबवली ते डॉक्टरांना कळवणे परिचारिकेच्या कामाचा भाग आहे.

बोलण्याची पद्धत शिकावी लागते. कर्करोगाची भीती घालणारे भाषण रुग्णाने पाकिटावरच्या चित्रात आधीच पाहिलेले असते. त्याच्या स्वतःच्या आजाराशी जोडलेले, एक-दोन वाक्यांचे स्पष्ट बोलणे अधिक पोचते: ‘तुमच्या पायाची जखम भरायची असेल तर विडी पूर्ण थांबायला हवी. कमी करून भागणार नाही.’ त्यानंतर त्याला बोलू द्यावे. सोडावेसे वाटते का, कशासाठी वाटते, अडचण कशाची वाटते, हे त्याच्या तोंडून आले की पुढची वाट सापडते. कोणाला नातवाला छातीशी धरायचे असते, कोणाला पुन्हा रिक्षा ओढायची असते, कोणी बंडलांवर जाणारा पैसा मोजतो. त्याने सांगितलेले कारण त्याला पुढे आठवून द्यावे. आपले कारण त्याच्यावर लादू नये.

काही उत्तरे वारंवार ऐकू येतात. ‘विडीशिवाय पोट साफ होत नाही.’ यात तथ्य आहे, कारण निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते. म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाज्या आणि चोथा, चालण्याची मुभा असेल तर चालणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडून सौम्य औषध दिले की ती अडचण दूर होते. ‘थकवा येतो, काम होत नाही.’ विडीने थकवा जात नाही. तलफ तेवढी भागते, आणि तेच हुशारी आल्यासारखे वाटते. ‘आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले.’ इथे वाद घालून हाती काही लागत नाही. बोलणे त्याच्या स्वतःच्या छातीकडे वळवावे. ‘आपल्याने होणार नाही,’ म्हणणाऱ्याला त्याचाच अनुभव दाखवता येतो. जुन्या लखनौतला रोजा धरणारा माणूस रमजानात सहेरीपासून इफ्तारपर्यंत एक झुरकाही घेत नाही, आणि असे महिनाभर करतो. आजारामुळे यंदा रोजे जमले नसतील, तरी मागच्या वर्षांची ती ताकद त्याच्याकडे आहेच. नवरात्रात व्रत पाळणाऱ्यालाही अशीच आठवण देता येते.

तलफ आली की ती काही मिनिटे जोरात असते आणि मग उतरते. ती मिनिटे काढण्याचे साधे उपाय वॉर्डातच शिकवावेत: थोडे थांबणे, घोट-घोट पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, कोणाशी तरी बोलायला लागणे, तोंडात बडीशेप किंवा वेलची ठेवणे. चहाबरोबर विडी हे घट्ट समीकरण असते. काही दिवस चहाची जागा किंवा वेळ बदलली तरी फरक पडतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र जिथे आहे, तिथे पहिल्या आणि दुसऱ्या दिवशीचे आकडे रुग्णाला दाखवावेत. एका दिवसात उतरलेला आकडा पाहून, शरीर सुधारायला लागले आहे, हे त्याला पटते.

खोल व्यसनासाठी निकोटिनचा च्युइंगम किंवा पॅच असतो. तो वापरायला शिकवणे हे खास परिचारिकेचे काम. गम खाण्याच्या गोळीसारखा भराभर चघळला तर उचकी, मळमळ, घशात जळजळ होते आणि रुग्ण दुसऱ्याच दिवशी तो टाकून देतो. हळूहळू चावावा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा. साधारण अर्धा तास असे चालते. चहा, कॉफी किंवा आंबट पेय पंधरा मिनिटे आधी घेऊ नये, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा, इतरांना २ मिलिग्रॅमचा गम दिला जातो. पॅच रोज नव्या जागी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर लावायचा असतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत निर्णय डॉक्टरांचा. हा उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आहे. हातावर पोट असलेल्या रुग्णाला तो बाजारातून विकत घेणे जड जाते, म्हणून रुग्णालयाच्या औषध भांडारात किंवा तंबाखूमुक्ती केंद्रात काय उपलब्ध आहे, ते परिचारिकेला माहीत हवे.

लखनौच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाला तीमारदार म्हणतात. भाऊ, मुलगा, पुतण्या, गावचा शेजारी. रात्री व्हरांड्यात किंवा रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रनिवाऱ्यात, झोपतो, दिवसा औषधे आणतो आणि पुष्कळदा विडीही आणतो. ‘फार तळमळत होता, म्हणून एक दिली,’ यामागे माया असते. त्याला रागावून काही साधत नाही. त्याला कामाला लावले तर मात्र तो खरा मदतनीस होतो: तलफ आली की पाणी द्यायचे, फेरी मारायला न्यायचे, गेटबाहेरच्या टपरीवर एकटे जाऊ द्यायचे नाही, स्वतःची विडी रुग्णासमोर काढायची नाही. घरी परतल्यावर रुग्णाजवळ तोच राहणार असतो, म्हणून त्यालाही शेजारी बसवून सगळे समजावून सांगावे.

इथपर्यंतचे काम एखादी मनापासून झटणारी परिचारिका एकटी करू शकते. पण तिची ड्युटी संपते, दुसरी येते, आणि नव्या पाळीत कोणालाच काही माहीत नसते. पहिलीने तीन दिवसांत जोडलेले नाते चौथ्या दिवशी तुटते; रुग्णाला पुन्हा कोणी विचारत नाही, आणि विडी सोडणे आता फारसे महत्त्वाचे राहिलेले दिसत नाही, असा अर्थ तो काढतो. ताप, नाडी, रक्तदाब कोणाच्या लक्षात राहतात म्हणून टिकत नाहीत. ते कागदावर असतात म्हणून टिकतात. तंबाखूलाही त्यांच्याच रांगेत जागा हवी. काय घेतो, किती घेतो, पहिली विडी केव्हा, सोडण्याची तयारी आहे का, शेवटची कधी ओढली, गम किंवा पॅच चालू आहे का: केसपेपरावर एवढी ओळ असली आणि पाळी बदलताना ती तोंडी सांगितली गेली, की रात्रपाळीची परिचारिका जाग्या रुग्णाला ‘आज चौथा दिवस ना, चाचा?’ असे विचारू शकते. या एका प्रश्नाने रुग्णाला कळते की सगळा वॉर्ड त्याच्या बाजूने आहे. सल्ल्याचा उपचार होतो तो इथे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात, आधीच्या वर्षभरात आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. उरलेल्या निम्म्यांना तो मिळालाच नाही. विचारणे एकेकीच्या आठवणीवर आणि उत्साहावर सोडले की असेच होते.

नोंदीचा दुसरा उपयोग घरी जाताना होतो. रुग्णालयात सुरू केलेली मदत घरी गेल्यानंतर निदान महिनाभर चालू राहिली तरच तिचा परिणाम टिकतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. वॉर्डात विडी मिळत नाही. गावात पारावर, शेतात, चहाच्या टपरीवर ती हात पुढे करताच मिळते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांबरोबर तंबाखूविषयीची ओळ आणि पुढचा संपर्क लिहावा. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक २०१६ पासून चालू आहे आणि तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. तो रुग्णाच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये निघण्याआधीच साठवून द्यावा, शक्य असेल तर पहिला फोन वॉर्डातूनच लावून द्यावा. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशात पहिली १३ तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली, त्यांत लखनौचे केंद्र होते. शस्त्रक्रिया विभागातले डॉ. रमा कांत यांनी ते काम पुढे नेले. पुन्हा तपासणीला येणाऱ्या रुग्णाला तंबाखूमुक्ती केंद्राची तारीख त्याच दिवसाची मिळाली, तर त्याचा प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी वाचते.

दूरच्या गावातल्या रुग्णासाठी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सामुदायिक आरोग्य अधिकारी हा खरा आधार आहे. या अधिकाऱ्यांतल्या पुष्कळ जणी स्वतः परिचारिकाच असतात. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरते, त्यात तंबाखूचा प्रश्न आहेच. ‘तुमच्या गावच्या आशाताईंना हे कार्ड दाखवा’ असे निघताना सांगितले, तर शहरातल्या वॉर्डातली नोंद गावापर्यंत पोचते.

घसरण होणार, हे आधीच सांगून ठेवावे. लग्नात, मयतीच्या बैठकीत, रागाच्या भरात एखादी विडी ओढली जाते, आणि ‘आता सगळे संपले’ असे वाटून माणूस पूर्वीच्या बंडलावर परततो. बहुतेकांना कायमचे सोडण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. फेरतपासणीला खाली मान घालून आलेल्या रुग्णाला, ती विडी कोणत्या वेळी आणि कोणासोबत ओढली, एवढेच विचारावे. त्या वेळेसाठी नवा बेत आखावा आणि सोडण्याची नवी तारीख कार्डावर लिहावी. लखनौत आणखी एक घसरण लक्षात येत नाही: विडी सुटते आणि खैनी किंवा गुटखा सुरू होतो. राज्यात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या पुड्या वेगवेगळ्या घेऊन एकत्र करता येतात. छातीचा धूर थांबला तरी निकोटिन तसेच राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून फेरतपासणीतही नावे घेऊनच विचारावे.

हे सगळे गजबजलेल्या वॉर्डात, पुऱ्या न पडणाऱ्या हातांनी करायचे असते, म्हणून ते प्रत्येकीच्या कामात बसेल इतके लहान ठेवावे लागते. नाव घेऊन विचारणे, त्याच्या आजाराशी जोडून एक वाक्य सांगणे, तलफेच्या दिवसांत सोबत करणे, गम नीट वापरायला शिकवणे, नोंद करणे आणि घरी जाताना पुढचा हात जोडून देणे. यांतले प्रत्येक काम इंजेक्शन देता देता, ड्रेसिंग करता करता होऊ शकते. त्यासाठी परिचर्येच्या शिक्षणात या कौशल्याचा प्रत्यक्ष सराव हवा, केसपेपरावर छापील जागा हवी आणि वॉर्डाच्या साठ्यात औषध हवे. ही तीन साधने देणे रुग्णालय चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे. ती मिळाली तर पुढचे काम कसे करायचे ते परिचारिकांना माहीत आहे.